मरोळच्या मातीतले खुरपे

मरोळ म्हटले की आज काय आठवते? डोक्यावरून धडधडत जाणारी मेट्रो, नाक्यावरची रिक्षांची रांग, साकीनाक्यापर्यंत पोचलेली वाहनांची कोंडी, एमआयडीसीतल्या कंपन्या आणि सुक्या मासळीचा बाजार. इथे कुणी शेती करत होते, चिखलात पाय रोवून भात लावत होते, उकिडवे बसून तण काढत होते, असे सांगितले तर आजच्या पोरांना खरे वाटणार नाही. परंतु वाचकहो, मरोळ हे मुळात गाव आहे. साष्टी बेटावरचे जुने, भातशेतीचे गाव. गावठाणातल्या अरुंद गल्लीत शिरलात तर कौलारू घरे, दारातला क्रूस आणि मागचे परसू अजून कुठे कुठे दिसते. या मातीत जे अवजार सर्वांत जास्त फिरले, ते नांगर नव्हे. ते खुरपे.

आज या खुरप्याच्या निमित्ताने मरोळची फेरी मारू. ज्यांच्या माळ्यावर, पलंगाखालच्या पेटीत किंवा दाराच्या वरच्या फळीवर गावाहून आणलेले जुने खुरपे गंजत पडले आहे, त्यांच्यासाठी ही फेरी विशेष आहे.

गावाचे शहर कसे झाले

मरोळ नाक्यापासून मरोशीच्या रस्त्याने उत्तरेला निघालात की शेवटी आरेची झाडी लागते. १९४९ साली सरकारने आरे दुग्ध वसाहतीसाठी इथली तीन हजार एकरांहून जास्त जमीन घेतली. त्यात मरोळ-मरोशी गावाचीही जमीन होती. मुंबईतल्या म्हशींचे गोठे शहराबाहेर हलवायचे आणि शहराला स्वच्छ दूध द्यायचे, असा तो बेत होता. म्हशींना हिरवा चारा हवा, म्हणून तिथे गवताची शेती झाली. जिथे भातातले गवत उपटत, तिथे गवत हेच पीक झाले! आरेच्या पाड्यांतले वारली, कोकणा, मल्हार कोळी आदिवासी मात्र वसाहतीच्या आधीपासून तिथे आहेत आणि पाड्याभोवती आजही भाजीपाला पिकवतात. मुंबईच्या हद्दीत खुरपे अजून पोटासाठी चालते, ते या पाड्यांत.

मरोळच्या अंगाने वाहते ती मिठी नदी. विहार तलाव १८६० मध्ये बांधून झाला. त्याच्या आणि पवई तलावाच्या सांडव्याचे पाणी घेऊन ही नदी आरे, मरोळ, साकीनाका, कुर्ला करीत माहीमच्या खाडीला मिळते. पूर्वी या पाण्यावर भाजीचे मळे पिकत. २६ जुलै २००५ च्या पावसाने याच नदीने काठावरच्या वस्त्यांत हाहाकार केला, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले की आपण ज्याला नाला म्हणतो ती नदी आहे.

१९५० मध्ये अंधेरीचा हा भाग बृहन्मुंबईत आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे मरोळच्या शेतांवर कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. १९७३ मध्ये सीप्झ आले. सीप्झच्या कुंपणाच्या आत आजही एका जुन्या चर्चचे पडके अवशेष आहेत. १५७९ साली बांधलेले ते चर्च १८४० च्या सुमारास साथीच्या रोगामुळे सोडून लोक मरोळला येऊन राहिले. म्हणजे मरोळला माणसे येऊन वसली ती अशी, कधी साथीने, कधी दुष्काळाने, कधी नोकरीसाठी. आपली माणसेही तशीच आली. कुणी रत्नागिरीहून, कुणी साताऱ्याहून, कुणी जालना-बीडकडून, कुणी बुलढाणा-अकोल्याहून. १९७२ च्या दुष्काळात तर गावेच्या गावे बाहेर पडली. बिऱ्हाडात एक पेटी, एक वळकटी, चार भांडी आणि पुष्कळदा एक खुरपे.

एक काम, चार नावे

मरोळच्या एखाद्या चाळीत चार जिल्ह्यांच्या आजीबाई एकत्र बसल्या तर एकाच कामाची चार नावे ऐकायला मिळतात. कोकणातली म्हणेल, आम्ही भाताची बेणणी करायचो. सातारा-सांगलीची म्हणेल, आम्ही भांगलायला जायचो. मराठवाड्यातली खुरपणी म्हणेल आणि वऱ्हाडातली निंदण. बैलाने ओढायच्या अवजाराचेही तसेच, इकडे कोळपे, तिकडे डवरा. नावे वेगळी, पण काम करणारी व्यक्ती सगळीकडे तीच. पात धरून उकिडवी बसलेली, डोक्यावर पदर, पाठीवर ऊन, आणि बांधावर झाडाच्या सावलीत झोळीत निजवलेले पोर.

आता अवजाराकडे पाहू. उत्तर हिंदुस्थानातली खुरपी साधारणपणे सरळ पात्याची असते आणि ती पुढे ढकलून चालवतात. आपल्याकडचे खुरपे विळ्याच्या नात्यातले. पाते वाकडे, रुंद आणि मुठीपाशी थोडे मुरडलेले. ते जमिनीच्या पृष्ठभागाखाली बोटभर घालून आपल्याकडे ओढायचे, म्हणजे तणाचे मूळ मानेपाशी तुटते आणि वरची मातीही भुसभुशीत होते. तण गेले की पिकाचे अन्न-पाणी वाचते. माती हलली की भेगा बुजून ओल टिकते. म्हणूनच जाणती माणसे एक खुरपणी अर्ध्या पाण्याच्या बरोबरीची मानत.

सगळी तणे मात्र एका हिसक्यात मरत नाहीत. लव्हाळ्याला जमिनीत गाठी असतात. वरचा भाग कापला तरी आठवड्यात पुन्हा कोंब येतो. तिथे खुरप्याचे टोक खाली घालून गाठ उकरावी लागते. हरळीच्या मुळ्या जाळ्यासारख्या पसरतात, तिला कुदळच हवी. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी उपटावे लागते. हे गवत परदेशी आहे. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आता मरोळच्या पाइपलाइनच्या कडेलाही ते माजलेले दिसते. उलट टाकळा, कुरडू, घोळ ही तणे म्हणून उपटायची आणि पदरात बांधून भाजी म्हणून घरी न्यायची. मालकाच्या हिशेबी जो कचरा होता, त्यावर कितीतरी घरांची संध्याकाळची चूल पेटली आहे. पहिल्या पावसानंतर मुंबईच्या बाजारात टाकळ्याच्या जुड्या विकायला येतात, तेव्हा ती भाजी घ्यावी आणि मुलांना ही गोष्ट सांगावी.

नांगर मालकाचा, खुरपे तिचे

शेतमजुरीचा एक नियम आपल्या आया-आज्यांना पाठ होता. कामाला येताना खुरपे आपले आपण आणायचे. शेत मालकाचे, बैल मालकाचे, नांगर मालकाचा, विहीरही मालकाची. खुरपे तेवढे मजूर बाईचे. भूमिहीनाच्या घरात लोखंडाची मालमत्ता ती किती असणार? एक तवा, एक विळी, एक कुऱ्हाड आणि एक खुरपे. त्यातले रोख मजुरी मिळवून देणारे खुरपेच.

शेतकऱ्याचे अवजार गावचा लोहार बलुत्यावर घडवी आणि सुगीला धान्य घेई. ज्याला शेतच नाही त्याचे बलुते कुठले? मजूर बाईला लोहाराला वेगळे काही द्यावे लागे. म्हणून ती खुरप्याला जिवापाड जपे. पाते झिजून चंद्रकोरीसारखे होई, तरी त्यालाच धार लावून वापरी. मूठ फुटली तर तारेने आवळी. जुन्या खुरप्याच्या मुठीवर अंगठ्याचा खळगा दिसतो. कुठल्याही लोहाराने तो केलेला नसतो, वर्षानुवर्षांच्या हाताने तो केलेला असतो.

आता त्या घामाचे मोल पाहा. खुरपणी हे बायकांचे काम ठरवले गेले आणि बायकांचे काम म्हणून त्याची मजुरी कमी ठरवली गेली. १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. समान कामाला समान दाम, हे त्याचे तत्त्व. परंतु जे काम पुरुष करतच नाहीत, त्याची तुलना करायची कुणाशी? नांगरट पुरुषाची, तिचा दर वेगळा. खुरपण बाईचे, त्याचा दर वेगळा. कायद्याच्या चिमटीतून खुरपणी निसटली ती अशी.

कोकणातल्या वाचकांना खोतीची आठवण सांगायला नको. कुळाने राबायचे आणि पिकाचा वाटा खोताने न्यायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी बोटीने आणि पायी मुंबईत येऊन विधिमंडळावर गेले. त्या मोर्चात ज्यांची माणसे होती अशी घरे आजही उपनगरांत आहेत. खोती कायद्याने संपली ती पुढे १९४९ च्या कायद्याने. खुरपे हाती असणाऱ्याचा जमिनीवर हक्क असावा, हाच त्या लढ्याचा गाभा होता.

कोंडिवट्याच्या डोंगरावर

मरोळहून रिक्षाने थोड्याच वेळात महाकाली गुंफांपाशी पोचता येते. त्यांचे जुने नाव कोंडिवटे लेणी. काळ्या दगडात कोरलेली ही एकोणीस बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे सहाव्या शतकापर्यंतची मानली जातात. नवव्या लेण्यात स्तूप आहे. तो एका गोल दालनात असून त्या दालनाच्या भिंतीला दगडाच्या जाळीच्या खिडक्या आहेत. मुलांना घेऊन एकदा तरी जावे असे हे ठिकाण आहे.

तण काढण्याशी या लेण्यांचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध असा. विनयाच्या नियमांत, पाचित्तिय वर्गातल्या दहाव्या नियमाने भिक्षूने जमीन खणणे आणि अकराव्या नियमाने जिवंत झाडा-रोपाची नासधूस करणे दोषास्पद मानले आहे. मग विहाराच्या अंगणातले गवत कोण काढी? त्यासाठी उपासक आणि ‘आरामिक’ म्हणून नेमलेली माणसे असत. आराम म्हणजे बाग, तिची देखभाल करणारा तो आरामिक. विनयपिटकात या लोकांचा उल्लेख येतो. म्हणजे धम्माच्या इतिहासात उपदेश करणाऱ्यांइतकीच, बाग राखणाऱ्या हातांचीही नोंद आहे.

या हातांची अवजारेही जमिनीतून निघाली आहेत. तक्षशिलेच्या उत्खननात सर जॉन मार्शल यांना कुदळी, विळे आणि तण काढण्याची छोटी लोखंडी अवजारे मिळाली. आपल्या विदर्भात नागपूर जिल्ह्यातल्या नाईकुंड येथे लोखंड वितळवण्याची सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची भट्टी सापडली आहे. आपल्या पेटीतले खुरपे चाळीस-पन्नास वर्षांचे असेल, पण त्याचे घराणे असे बुद्धकाळाशी जाऊन भिडते.

कोंडिवट्याचा दगड काहीसा ठिसूळ आहे. पावसाने तो झिजतो, फटीत माती साठते, त्यात रोप धरते आणि मूळ जाड झाले की दगड फोडते. ही लेणी भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, तेव्हा आपण जाऊन काही उपटू नये. पण जिथे माणसाचा हात थांबतो तिथे तण चढते, हे तिथे डोळ्यांनी दिसते.

लोहाराच्या भट्टीपासून दुकानापर्यंत

जुने खुरपे ओळखावे कसे? हातघडणीचे पाते सगळीकडे सारख्या जाडीचे नसते, कडेला पातळ आणि पाठीला जाड असते. त्यावर हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा दिसतात. पात्याची मागची शेपटी तापवून लाल करीत आणि बाभळीच्या किंवा खैराच्या मुठीत ठोकीत. लाकूड आतून जळून शेपटी घट्ट बसे. मूठ फाटू नये म्हणून तोंडाशी लोखंडी कडी घालीत. धार तापवून पाण्यात बुडवून कडक करीत. हल्लीचे लोहार ट्रकच्या कमानीचे जुने पाटे वापरतात, ते पोलाद टणक असते. कारखान्यातले खुरपे पत्र्यातून कापलेले, रंग दिलेले, कधी प्लॅस्टिकच्या मुठीचे असते. कुदळ-फावड्यावर मात्र कारखान्याची छाप जुनी आहे. टाटांचा ‘ॲग्रिको’ शिक्का १९२० च्या दशकापासून चालत आला आहे.

रस्त्याकडेला पाल ठोकून भाता पेटवणारे घिसाडी बांधव आपण पाहतो. नवरा सांडशीत तापलेले लोखंड धरतो आणि बायको घण मारते. गावोगाव फिरून अवजारे घडवणारी ही माणसे. दुकानात तयार माल स्वस्त मिळू लागल्यापासून त्यांचे काम कमी झाले आहे. एखादा विळा, एखादी विळी त्यांच्याकडून घेतली किंवा धार लावून घेतली, तर चार पैसे कष्टाच्या हातात जातात.

दुसरीकडे जुन्या वस्तूंचा बाजार तेजीत आहे. भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारात पितळी दिवे, घड्याळे यांच्या शेजारी जुनी अवजारेही दिसतात. मोठ्या हॉटेलांच्या भिंतीवर कंदील, विळे, बैलगाडीचे चाक टांगून गावाचे वातावरण निर्माण करतात. तिथे जेवणाऱ्याला ते खुरपे शोभेचे वाटते. ज्याच्या आईचे गुडघे त्या खुरप्यामागे झिजले, त्याला ते तसे वाटेल का?

जपावे की फेकावे?

हा प्रश्न आपल्या घरांत खरोखरच पडतो. बाबासाहेबांनी गावगाड्याचे जोखड झुगारून शहराकडे चला, शिका, असे सांगितले. आपल्या वडिलांनी ते मानले. त्यांच्यातले कितीतरी जण म्हणत, पोरांच्या हातात आता पेन हवे, खुरपे नको. त्या माणसांनी खुरपे भंगारात दिले असेल, तर त्यात चूक काय? जे अवजार अपमानाच्या दिवसांचे, ते घरात का ठेवावे? हा विचार हलका नाही.

परंतु दुसरी बाजूही पाहावी. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या शेतांवर मेक्सिकन आणि फिलिपिनो मजुरांना दोन फुटांहूनही आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर कमरेत वाकून तण काढावे लागे. मजूर तिला ‘एल कोर्तितो’, म्हणजे बुटकी, म्हणत. वाकलेला मजूर काम करतो आणि सरळ उभा राहिलेला आळस करतो, हे मुकादमाला दुरून कळावे, हाही आखूड दांड्याचा फायदा मालकांना होता. माणसांच्या पाठी कायमच्या मोडल्या. शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांनीही तरुणपणी ती कुदळ चालवली होती. मजुरांनी कोर्टात दाद मागितली. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये मजुरांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी त्या कुदळीवर बंदी आली. मालकांनी मग हातानेच तण उपटायला लावले, तेव्हा २००४ मध्ये त्यावरही निर्बंध आले. आज ती आखूड कुदळ वॉशिंग्टनमधल्या अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. शोभेसाठी ठेवलेली नाही. माणसांना काय सोसावे लागले आणि त्यांनी ते कसे थांबवले, याचा पुरावा म्हणून ठेवली आहे.

आपल्याकडे उभ्याने चालवायची कोळपी निघाली आहेत. सायकलच्या चाकाला पाते लावून केलेले हातकोळपे खेड्यांत दिसते. भातात दातेरी चाकाचे कोळपे फिरवतात. ज्यांची माणसे अजून गावी राबतात, त्यांनी सुट्टीत जाताना मिठाईबरोबर अशा अवजाराचीही चौकशी करावी. आईच्या कमरेला त्याचा आराम मोठा.

आणि खुरपे शहरात संपले, असेही समजू नये. सकाळी अंधेरी पूर्वेच्या सोसायट्यांत आणि कंपन्यांच्या आवारात पाहा. गोणपाट अंथरून बसलेल्या बाया हिरवळीतले गवत काढताना दिसतील. गंमत अशी की शेतात जी हरळी वैरी, तीच इथे पाणी घालून वाढवलेली असते आणि बाकीचे सगळे तण ठरते. काम तेच, बसणे तेच, हातातले अवजारही तेच. बहुतेकींचा रोज ठेकेदाराकडून येतो. जुन्या खुरप्याची आठवण काढताना या नव्या हातांना किमान वेतन, सावली आणि प्यायचे पाणी मिळते की नाही, हे आपल्या सोसायटीपुरते तरी विचारावे.

घरी करण्यासारखे

ज्यांना खुरपे जपायचे आहे त्यांनी एवढे करावे. गंज असेल तर पाते रात्रभर रॉकेलच्या फडक्यात गुंडाळून ठेवावे. घरी रॉकेल नसेल तर कुठलेही पातळ तेल चालेल. सकाळी विटेच्या भुकटीने किंवा बारीक काचकागदाने घासावे. फार चकचकीत करू नये, ठोक्यांच्या खुणा राहू द्याव्यात. कोरड्या फडक्याने पुसून पात्यावर तेलाचा हात फिरवावा. मुठीला जवसाचे तेल चोळावे. मूठ बदलू नये, कारण हाताची खूण तिथेच असते. मुंबईच्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, आत पाणी सुटते. सुती फडक्यात ठेवावे आणि दर पावसाळ्यानंतर एकदा तेल द्यावे. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे, एक चिठ्ठी लिहावी. हे कुणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या साली मुंबईला आले, कोणाच्या शेतात चालले, रोज किती मिळे. घरात आजी असेल तर तिच्याकडून आजच विचारून घ्यावे आणि नातवाच्या अक्षरात लिहून घ्यावे. मुठीला ती चिठ्ठी दोऱ्याने बांधावी. चोरबाजारातल्या खुरप्याला भाव असतो, पण नाव नसते. आपल्या घरातल्या खुरप्याला नाव आहे. ते नाव लिहिले गेले नाही तर दोन पिढ्यांत तेही नुसते लोखंड होईल.

आणि ज्यांना जपायचे नाही, त्यांनी खुशाल देऊन टाकावे. मात्र भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी ती हकीकत एकदा मुलांना सांगावी.